दारू पिऊन वाहन चालवल्याबद्दल शिक्षा झाल्यावर परवाना परत मिळण्याची प्रक्रिया

तालुक्याच्या न्यायालयात दंड भरला की प्रकरण मिटले, अशी समजूत गावोगावी पक्की आहे, आणि त्यामुळेच आरटीओच्या खिडकीवर केवळ दंडाची पावती घेऊन गेलेल्या पुष्कळ जणांना रिकाम्या हाताने परतावे लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तसेच घडल्यास 15,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. याशिवाय कलम 20 प्रमाणे दोषी व्यक्तीला किमान सहा महिने परवाना बाळगण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. गुन्हा कबूल करून मोकळे होऊ, असे ठरवणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कबुली दिल्यानंतर अपिलाला वाव उरतो तो केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांपुरता. म्हणून कबुलीपूर्वी वकिलाशी बोलावे. वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा 15100 वर फोन करावा.

सर्वाधिक घोळ होतो तो ‘सहा महिने’ या मुदतीचा. ती न्यायालयाच्या अपात्रतेच्या आदेशाच्या तारखेपासून धरावी, पोलिसांनी परवाना घेतला त्या दिवसापासून नव्हे. बंदी सहा महिन्यांहून अधिक असेल, तर सहा महिने उलटल्यावर ती उठवण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो, पण बंदी आपोआप उठत नाही. अर्ज फेटाळला गेल्यास पुढचा अर्ज आणखी तीन महिन्यांनीच. या काळात वाहन चालवताना सापडल्यास कलम 182 खाली 10,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. बंदी सर्व वाहनांसाठी आहे की विशिष्ट प्रकारासाठी, हेही आदेशातच पाहावे, कारण मोटारसायकलवर पकडला गेलेला माणूस हंगामात कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टरवर सर्रास बसतो. या गुन्ह्यात परवाना जप्त करताना पोलिसांनी दिलेली पोचही वाहन चालवण्याची परवानगी ठरत नाही.

म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत, म्हणजे नक्कल, हा खरा कागद आहे आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. निकालाच्या दिवशीच तिचा अर्ज द्यावा. भामरागड किंवा सिरोंच्याहून गडचिरोलीला जाणाऱ्याचा एका कागदाअभावी अख्खा दिवस आणि मजुरी बुडते, हे टाळता येण्यासारखे असूनही निकालाच्या वेळी दोन वाक्यांत समजावून सांगण्याची तसदी घेतली जात नाही, याचा संताप येतो. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत दारूबंदी कायद्याचा गुन्हा स्वतंत्रपणे नोंदलेला असू शकतो; तेव्हा नक्कल कोणत्या प्रकरणाची आहे, हे क्रमांक पाहून तपासून घ्यावे.

व्यसनमुक्तीच्या उपचारांचा आदेश प्रत्येक प्रकरणात होत नाही. न्यायालयाने परिवीक्षेवर, म्हणजे लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या लेखी हमीवर, सोडल्यास नशेपासून दूर राहण्याची अट बंधपत्रात घालता येते. त्यासाठी आरोपीचे किंवा जामीनदाराचे कायम राहण्याचे ठिकाण वा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे त्या ठिकाणी असावा लागतो.  अट मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते.

अटीच्या धाकाने रोजची दारू एका दिवसात तोडू नये, ही कळकळीची विनंती. बरीच वर्षे पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरथर, भास आणि झटके येऊ शकतात, आणि ते जिवावर बेतते. आधी जिल्हा रुग्णालयात दाखवावे किंवा 14446 या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विचारावे. प्रत्येक भेटीच्या केसपेपरवर तारीख आणि शिक्का मागून घ्यावा आणि त्याची झेरॉक्स परिवीक्षा अधिकाऱ्याकडे द्यावी. मूळ कागद मात्र स्वतःजवळच ठेवावा.