आसंजनरोधक वनस्पतिद्रव्ये

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला जखडून टाकणारे व्रणतंतू म्हणजे आसंजन. ते टाळण्यासाठी वापरले किंवा अभ्यासले जाणारे वनस्पतिजन्य पदार्थ म्हणजे आसंजनरोधक वनस्पतिद्रव्ये. पुण्यातला रुग्ण ‘आतडी चिकटलीत’ म्हणतो, सर्जन ‘अ‍ॅढिजन्स’.

पोटाच्या आतले बुळबुळीत अस्तर म्हणजे पर्युदर. हाताळणीने ते खरचटते, पाझरलेला द्राव गोठतो आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची चिकट जाळी तयार होते. एरवी शरीर ही जाळी काही दिवसांत विरघळवते. पण इजा व दाह असताना विरघळवणारी यंत्रणाच मंदावते. मग उरलेल्या जाळीत तंतुजनक पेशी शिरतात, कोलॅजेन हे बळकट तंतूंचे प्रथिन घालतात आणि पट्टा पक्का होतो. अस्तर साधारण आठवडाभरात भरून येते, म्हणून औषधाला जे करायचे ते त्याच आठवड्यात करावे लागते. चिकटलेल्या पट्ट्यांमुळे पुढे आतड्यात अडथळा येतो, स्त्रियांमध्ये वंध्यत्व येऊ शकते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

हळदीतले कर्क्युमिन, द्राक्षातले रेझव्हेरॅट्रॉल, कांद्यातले क्वेर्सेटिन हे दाह आणि कोलॅजेनची भर कमी करतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसते. हळद व जखम म्हटले की पुणेकराला शास्त्रज्ञ माशेलकर आठवतात. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये मिळाले. सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. संस्थेचे महासंचालक तेव्हा रघुनाथ माशेलकर होते. त्याआधी ते पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. अर्थात तो लढा हळद कुणाची, हा होता. पोटातल्या आसंजनांवर ती चालते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातून फार थोडे शोषले जाते. घरी आल्यावर प्यायलेले हळदीचे दूध पर्युदरापर्यंत पोचत नाही. शिवाय एक पेच आहे: आसंजनाला लागणारे कोलॅजेन आतड्याचा टाका सांधायलाही लागते. एकाला आवरताना दुसरा उसवता कामा नये.

शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष पोचली ती दोन साधी वनस्पतिद्रव्ये. पहिले सेल्युलोज: त्यापासून केलेले विणलेले जाळीदार कापड खरचटलेल्या जागेवर ठेवले की जेलीसारखे होते आणि काही आठवड्यांत विरून जाते. रक्त थांबलेले नसेल तर मात्र ते काळे पडते व उलट चिकटपणाच वाढवू शकते. दुसरे मक्याच्या स्टार्चपासून केलेले आयकोडेक्स्ट्रिन. त्याचे 4 टक्के द्रावण शेवटी पोटात सोडतात; ते काही दिवस आतडी तरंगती, वेगवेगळी ठेवते. गंमत अशी की हातमोज्यांच्या आतली पावडरही मक्याच्या स्टार्चचीच असे, आणि तिचे कण पोटात राहिले की आसंजने होत. अमेरिकेत असे मोजे जानेवारी 2017 पासून बंद आहेत.