ओल्या भिंतीवर बोर्ड लावण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगरउतारावर घर बांधलं की तळमजल्याची मागची भिंत थेट मातीला टेकते. त्या खोलीत एसी बसवायचा तर इन्सुलेशनचे बोर्ड लावावेसे वाटणं रास्तच आहे. २५ मिलिमीटरचा एक्सपीएस (पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या घट्ट फोमचा) बोर्ड उष्णता अडवण्यात मीटरभर जाडीच्या काँक्रीटला मागे टाकतो. पण भिंत ओली असेल तर बोर्डामुळे ओल फक्त झाकली जाते. मागे बुरशी धरते, सळ्या गंजत राहतात.

म्हणून आधी पाणी येतं कुठून ते शोधा. जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळ्यात डोंगरात मुरलेलं पाणी भिंतीवाटे पाझरतं. हवेतूनही ओल येते: ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २७ अंशांच्या भिंतीवरही वाफेचं पाणी होतं.

किनाऱ्यावर तिसरं कारण असतं आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं, ते म्हणजे मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच. खाडीची न धुतलेली रेती बांधकामात गेली असेल किंवा खारा वारा वर्षानुवर्षं लागला असेल, तर तेच मीठ भिंतीत असतं. बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, अशी भिंत पावसाळ्यात ओलावतेच. शिवाय त्यातलं क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर भेदतं, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. आयएस ४५६ या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडला घनमीटरमागे ०.६ किलोची मर्यादा घातली आहे ती याचसाठी.

तपासणी भर पावसाळ्यात करावी. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दिवसभर राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आत दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. मग घरामागे पाणी वळवणारी चर खणल्याशिवाय आतलं काम सुरूच करू नये. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं.

भिंतीची तयारी मात्र हिवाळ्यात, कोरड्या हवेत करावी. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, कोरड्या ब्रशने खरवडून ती पूड गोळा करून टाकून द्या. पाणी मारलं तर मीठ विरघळून पुन्हा आत शिरतं. बाजारातलं अ‍ॅसिड तर नकोच, ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे आणखी क्लोराइड. गंजाचे डाग दिसले तिथे सळईपर्यंत फोडून, सळई घासून, पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरून घ्या. सुटा रंग आणि पोकळ वाजणारा गिलावा काढा.

शेवटी सरळ पट्टी भिंतीला लावून उंचवटे आणि खड्डे शोधा आणि ते सपाट करा. बोर्डाला चार ठिपके लावून चिकटवण्याची सवय इथे महागात पडते, मागे पोकळी राहते आणि दमट हवा तिथे फिरते. चिकटद्रव्य पूर्ण पृष्ठभागावर पसरा आणि ते पॉलिस्टायरिनला चालणारं आहे ना ते डब्यावर वाचून घ्या. सॉल्व्हंट असलेलं चिकटद्रव्य बोर्डच विरघळवतं.