ज्याची हाक त्याच्या कानी

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नागपुरात पहिला दणकून पाऊस होतो आणि त्याच रात्री आमच्या बेसा भागातल्या मोकळ्या प्लॉटमध्ये साचलेलं पाणी बोलायला लागतं. दिवसभर उकाड्यानं हैराण झालेली माणसं गॅलरीत येऊन बसतात, आणि कोणी तरी म्हणतंच, "काय ओरडून राहिले हे बेडकं!"

मी टॉर्च घेऊन त्या काठाशी उकिडवा बसतो. पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट ऐकू येतो. मग हळूहळू आवाज सुटे होतात. मधल्या पाण्यातून येणारा जाडाभरडा 'ड्रांव ड्रांव' मोठ्या बेडकाचा. एरवी मातकट हिरवा असणारा हा नर या दिवसांत पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. काठच्या गवतातून येणारं कर्रर्र-कर्रर्र, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखं, ते अंगठ्याच्या पेराएवढ्या इवल्या बेडकाचं. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघतो, हे दरवर्षी डोळ्यांनी पाहूनही मला खरं वाटत नाही.

आता हेच बेडकीच्या बाजूनं ऐकून पाहा. अंधार आहे, चारही बाजूंनी नर ओरडताहेत, आणि त्यातून तिला आपल्या प्रजातीचा नर शोधायचा आहे. चूक झाली तर त्या खेपेची अंडी वाया. इथं तिच्या मदतीला येतो तिचा कान. बेडकांच्या आतल्या कानात आवाज टिपणारे दोन वेगळे अवयव असतात, आणि ते बऱ्याच अंशी आपल्याच नराच्या हाकेतल्या स्वरांना जुळवलेले असतात. बाकीचा गोंगाट तिच्यापर्यंत पोचतो, पण तो तिला बोलावत नाही.

म्हणजे दोन प्रजातींमधली सीमा फक्त रंगात, हाडात किंवा डोंगर-नदीत नसते, ती ऐकणारीच्या कानातही असते. हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते अमेरिकेतल्या करड्या झाडबेडकांत. तिथं दोन प्रजाती आहेत. हातात घेऊन कितीही निरखा, फरक सांगता येत नाही. पण एकाची गुणसूत्रं दुसऱ्याच्या दुप्पट आहेत, आणि दोघांची हाक एकाच तापमानाला ऐकली तर कमी गुणसूत्रं असलेल्याची थरथर दुसऱ्याच्या साधारण दुप्पट वेगानं चालते. माद्या या वेगावरूनच नर ओळखतात. संशोधकांनी जास्त गुणसूत्रं असलेले बेडूक प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तेव्हा दिसलं की गुणसूत्रं वाढली की पेशी मोठ्या होतात आणि हाक आपोआप मंदावते. शरीरात घडलेला एक बदल थेट आवाजात उतरला, आणि आवाज बदलल्यामुळे जोडीदारही वेगळा झाला.

आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. बेडकाचं रक्त थंड, त्यामुळे हवा गार झाली की हाकेची थरथर संथ होते. मग बेडकी फसायला हवी ना? ती फसत नाही, कारण गारव्यात तिची आवडही तेवढीच संथ हाकेकडे सरकते. बोलणारा आणि ऐकणारी एकत्र बदलतात.

हे नातं सुटलं तर मात्र एकाच्या दोन प्रजाती होण्याची वाट मोकळी होते. एक कळप घनदाट जंगलात गेला की पानाफांद्यांवर आपटून भरभर सुरांची खिचडी होते, तिथं संथ सूर टिकतात. चोचीचा आकार बदलला तरी गाणं बदलतं, डार्विनच्या फिंच पक्ष्यांत हे मोजून दाखवलेलं आहे. आणि दुरावलेले दोन गट पुन्हा एकत्र आले की फरक कधी कधी आणखी ठळक होतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन झाडबेडकांच्या हाका जिथं ते वेगवेगळे राहतात तिथं बऱ्याच सारख्या आहेत, पण जिथं एकाच पाण्यावर येतात तिथं स्पष्ट निराळ्या आहेत. ज्यांची हाक गोंधळात टाकणारी, त्यांची पिल्लं मागे पडत गेली.

पक्ष्यांकडे वळलं की प्रश्न येतो शिकण्याचा. आपला पावशा घ्या. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' हे विदर्भातल्या कोणत्या शेतकऱ्याच्या कानावर पडत नाही? पावशाची मादी अंडं घालते सातभाईंच्या घरट्यात. पिल्लू वाढतं सातभाईंच्या कलकलाटात, आणि मोठं झाल्यावर म्हणतं मात्र 'पेर्ते व्हा'च. ती हाक त्याच्या रक्तातच आहे.

आफ्रिकेतले इंडिगोबर्ड नेमके याच्या उलट. तेही दुसऱ्याच्या घरट्यात वाढतात, पण नर पालक-पक्ष्याचं गाणं शिकतो, आणि मादी तेच गाणं गाणारा नर निवडून तशाच पालकाच्या घरट्यात अंडी घालते. पाळीव मनोलींच्या (मुनिया पक्ष्यांच्या) हाती वाढवलेले नर मनोलीचं गाणं गाऊ लागले आणि तशाच वाढलेल्या माद्यांना तेच नर आवडले. एखाद्या मादीनं चुकून नव्या पक्ष्याच्या घरट्यात अंडं घातलं तर तिची पिल्लं मोठी झाल्यावर जुन्या गोतावळ्यापासून वेगळी पडतात. मध्ये डोंगर नाही की समुद्र नाही. नवी प्रजाती घडण्याची ही फारच वेगवान वाट आहे.

आणि हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाड्याच्या झाडीत एक चिमुकला हिरवट वटवट्या येतो. पानांआड दिसतही नाही, फक्त 'चिस्वी, चिस्वी' करत आपला इलाका राखतो. याचे भाऊबंद उन्हाळ्यात तिबेटच्या पठाराभोवती गोलाकार पसरलेले असतात. हिमालयात त्यांचं गाणं छोटं आणि साधं. पठाराच्या पश्चिमेनं उत्तरेकडे जा किंवा पूर्वेनं, ते लांबत आणि गुंतागुंतीचं होत जातं, पण दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेनं. शेजाऱ्याला शेजारी ओळखतो. सैबेरियात ही दोन टोकं भेटतात तेव्हा मात्र ध्वनिमुद्रित गाणं ऐकवलं तरी एका टोकाचा नर दुसऱ्याच्या गाण्याकडे लक्ष देत नाही. संशोधक डॅरेन अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2001 साली मांडलं. 2014 मध्ये सगळ्या जनुकसंचाचा अभ्यास झाला, तेव्हा कळलं की हे कडं पूर्वी काही ठिकाणी तुटलेलं होतं आणि टोकांमध्ये थोडा संकरही झालेला आहे. मला यामुळे ही कहाणी अधिकच खरी वाटते, कारण प्रजाती अशाच अर्धवट, रेंगाळत वेगळ्या होतात.

भारतात हिवाळा काढणारे हे वटवटे बहुतेक त्या कड्याच्या पश्चिम अंगाचे. मार्चअखेर गोरेवाड्यात कान लावून उभं राहिलं तर परतीच्या आधी एखादा पुटपुटल्यासारखं गाणं म्हणताना सापडतो. नेट लावून गाणार तो उत्तरेत पोचल्यावर, जिथं ते ऐकणारी मादी असेल.