बंद झालेल्या मॉडेल इंजिनांचे पार्ट का मिळेनात: थोडी पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेच्या छंदात नवीन आलेल्या लोकांचा नेहमीचा समज असा की इंजिन जितकं जुनं तितका पार्ट मिळणं अवघड, आणि नवं असेल तर काय, कंपनीला कळवलं की झालं. प्रत्यक्षात उलटं आहे. १९६५ च्या आसपासचं इंजिन मी आजही सोलापुरात बसून चालू करून देतो, आणि २००८ साली घेतलेलं, त्याच्या चौपट किमतीचं, दोन वर्षं कपाटात पडून होतं, का तर सहा मिलिमीटरचा एक गिअर. हे असं उलटं कसं झालं ते समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं. स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि या गाड्या १२ व्होल्टवर चालतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सुरुवातीचा काळ पटकन सांगतो. ब्रिटनच्या हॉर्नबीच्या ओ गेजच्या म्हणजे मोठ्या मापाच्या गाड्या १९२० च्या, तिचीच लहान मापाची डब्लो १९३८ ची, मग १९६४ मध्ये ती कंपनी ट्राय-अँग या दुसऱ्या ब्रिटिश नावाच्या मालकांकडे गेली आणि पुढच्या वर्षापासून दोन्ही नावं एकाच डब्यावर आली. या काळातल्या गाड्या आपल्याकडं आल्या त्या जहाजावर काम करणाऱ्यांच्या बॅगेतून, परदेशातल्या काका-मामांकडून, नाहीतर चोरबाजारातून. कमी आल्या पण ज्या आल्या त्या टिकल्या. कारण त्यांची बनावट. ट्राय-अँगची एक्स-०४ मोटर घ्या, कित्येक वर्षं तीच मोटर डझनावारी इंजिनांत बसवली, म्हणजे एका मेलेल्या इंजिनावर दुसरी चार जगतात. दोन स्क्रू काढले की मोटर हातात येते. कार्बन वेगळा, स्प्रिंग वेगळी, वर्म (स्क्रूसारखा गिअर) वेगळा, सगळं उघडं दिसतं. तीन पोलचं आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) जळालं तर आपल्याकडं पंखे-मिक्सर वाइंडिंग करणारा माणूस ते भरून देतो, केसासारखी तार बघून आधी नको म्हणतो पण जुने वेढे मोजून दिले की करतो. माझं एक आर्मेचर असं भरून घेतलंय आणि ते आठ वर्षं चालतंय. लोहचुंबक कमजोर झाला तर निओडिमियमचा तुकडा. तेल शिलाई मशीनचं.

या सगळ्याला एकच अपवाद, तो म्हणजे जस्ताच्या ओतीव चेसीचा रोग. जस्ताच्या मिश्रणात शिसं गेलं तर कणांच्या मधल्या रेषा आतून कुजत जातात, चेसी फुगते, वाकते आणि एक दिवस बिस्किटासारखी हातात तुटते. युद्धापूर्वीच्या मालात हे जास्त दिसतं. त्यावर औषध नाही, चेसीच बदलायची. दुर्दैव असं की अलीकडच्या काही बॅचमध्येही ते परत दिसलंय.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोटर इंजिनातून काढून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, टाकायची पद्धत आली, चपटी गोल मोटर, गिअर प्लास्टिकचे. तिकडं इटलीच्या लिमाचंही तेच, तिला लोक पॅनकेक मोटर म्हणतात. त्यांचा पार्टचा प्रश्न लोकांनी आपला आपण सोडवला, सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरमधली छोटी मोटर त्या गोल घरात बसते. भंगारातला प्लेअर शंभर-दीडशेला मिळतो. ती मोटर कमी व्होल्टची असल्यामुळं १२ व्होल्टवर तापते, म्हणून मध्ये रेझिस्टर किंवा डायोड टाकायचे. लिमा २००४ मध्ये बुडाली, तिचं नाव रिव्हारॉसी, जूएफ, आर्नोल्ड यांच्यासकट हॉर्नबीनं घेतलं. नावं राहिली, पण जुन्या गिऱ्हाइकाला पार्ट देणारं ते घर गेलं.

आता मुख्य वळण. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ब्रिटिश कंपन्यांचं उत्पादन चीनमध्ये गेलं. मॉडेलच्या दृष्टीनं हे वरदान होतं, आरसे, रिवेट, केबिनमधली चाकं, असलं काम आधी कुणी बघितलं नव्हतं. पण पार्टचं गणित तिथंच बिघडलं. आधी काय होतं, कारखाना स्वतःचा, साचा शेजारच्या खोलीत, गिअर कमी पडले की काढले अजून दोन हजार. दुकानदाराकडं नंबर टाकलेले छोटे ड्रॉवर असायचे आणि प्रत्येक इंजिनाचा उघडून दाखवलेला नकाशा. चीनमध्ये माल बॅचने होतो. एक बॅच ठरते, तेवढी इंजिनं होतात, कंटेनर निघतो, साचा रॅकवर जातो आणि मशीनवर दुसऱ्या कुणाचं तरी काम चढतं. जास्तीचे पार्ट काढले तर काढले. ते संपले की दहा गिअरसाठी साचा परत चढवत नाहीत. त्यात २००८ च्या सुमाराला ज्या कारखान्यावर अर्ध्या बाजाराचं काम चालायचं तोच एका प्रतिस्पर्धी समूहानं विकत घेतला आणि बऱ्याच जणांना आपले साचे घेऊन दुसरं घर शोधावं लागलं. २००९ च्या फेब्रुवारीत तर जर्मनीच्या मार्कलिनसारख्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढं सावरली ती, पण तेव्हा सगळे हादरले होते.

म्हणून ‘डिसकंटिन्यू’ हा शब्द नीट समजून घ्या. कॅटलॉगमधून काढलं म्हणजे साचा गेला असं नाही, आणि कॅटलॉगमध्ये आहे म्हणजे तुमचं इंजिन चालू मॉडेल आहे असंही नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध ब्रिटिश इंजिनाचं मॉडेल एकाच नावानं साठच्या दशकापासून मिळतंय, पण आधी मोटर इंजिनात, मग टेंडरमध्ये, मग परत इंजिनात, आतलं काहीच एकमेकाला बसत नाही. पार्ट मागवताना डब्यावरचं नाव नाही, चेसीचा तळ बघायचा.

आता आपल्याकडचं. माझ्या मते खरी अडचण इथं आहे आणि त्यावर पुरेसं कुणी लिहीत नाही.

परवान्यांच्या काळात हौसेच्या वस्तू आयात करणं जवळपास अशक्यच होतं. १९९१ नंतर दार किलकिलं झालं, १९९८ ला पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम उघडलं, सोलापूरहून इंटरसिटीनं जाऊन ते बघून आलेली आमची एक पिढी आहे. १ एप्रिल २००१ ला आयातीवरच्या संख्येच्या मर्यादा गेल्या. त्यानंतरची पंधरा-अठरा वर्षं खरंच चांगली होती. इंग्लंडमधून साध्या पाकिटात गिअर, कार्बन, टायर यायचे, तीन आठवड्यात पोस्टमन नवी पेठेत घरी आणून द्यायचा.

डिसेंबर २०१९ मध्ये पोस्टानं किंवा कुरिअरनं ‘भेट’ म्हणून ड्यूटीशिवाय वस्तू आणणं बंद झालं, सूट राहिली ती फक्त जीवनरक्षक औषधं आणि राखीला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, मार्क सक्तीचा झाला. सरकारची बाजू समजते. विषारी रंगाची, धारदार कडांची स्वस्त खेळणी येत होती, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दहा रुपयांना मिळणारी चावीची आगगाडी लहान पोरगं तोंडात घालतंच, तिथं तपासणी हवीच. देशात खेळणी बनवणाऱ्यालाही आधार मिळाला. पण त्यात आमचं इंजिन का अडकलं?

अडकलं ते एका ओळीमुळं. कस्टमच्या यादीत ९५०३ या नंबरखाली तीनचाकी सायकल, बाहुल्या, खेळणी, कोडी आणि त्यांच्याच जोडीला ‘लहान प्रमाणातली मॉडेल’ असं एकत्र लिहिलंय. म्हणजे ड्यूटीपुरतं मॉडेल आणि खेळणं यांची एकच पंगत. बीआयएसच्या आदेशात मात्र खेळण्याची व्याख्या वेगळी आहे, १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी केलेली वस्तू. आता आमच्या डब्यांवर कंपनीनंच छापलेलं असतं की हे १४ वर्षांवरच्यांसाठी आहे. मग मार्क लागतो का नाही? व्याख्या बघितली तर नको. पण पाकिटावर ९५०३ दिसला की खिडकीवरचा माणूस खेळणं म्हणूनच बघतो आणि त्याचंही चूक म्हणता येत नाही, त्याच्यापुढं नंबर आहे. बीआयएसचं लायसन कारखान्याला मिळतं, वर्षाला भारतात पन्नास गिअर पाठवणारा कारखाना ते कशासाठी काढेल?

पार्टचं तर अजून गुंतागुंतीचं. कस्टमच्या यादीतल्या त्याच प्रकरणाच्या टिपांमध्ये लिहिलंय की जो पार्ट मुख्यतः या वस्तूंसाठीच वापरतात तो त्या वस्तूबरोबरच धरायचा. आणि वरच्या टिपेत इलेक्ट्रिक मोटर वगळली आहे, ती ८५०१ मध्ये जाते. सर्वसाधारण स्क्रूसुद्धा वगळलेत. म्हणजे एकाच बोगीतली मोटर ही मोटर, स्क्रू हा स्क्रू, आणि गिअर तेवढा खेळणं. माझ्या मते ही चूक दुरुस्त व्हायला पाहिजे, १४ वर्षांवरच्या स्केल मॉडेलला आणि त्याच्या पार्टला वेगळा उपनंबर दिला तर गड्ड्यातल्या पोराच्या सुरक्षेला काही धक्का लागत नाही. २०२१ मध्ये माझं सहा गिअरचं पाकीट आलं, अडकलं, दोन पत्रं झाली, आणि परत गेलं. किंमत चार पौंड.

त्यामुळं गेल्या काही वर्षांत इथली मंडळी पार्ट शोधण्यापेक्षा करण्याकडं वळलीत. सोलापूर त्या बाबतीत नशीबवान आहे. यंत्रमागाचं गाव, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचे तुटलेले गिअर बघून नवे काढून देणारे लेथवाले आहेत, जॉबर (माग दुरुस्त करणाऱ्या) लोकांना माप घ्यायला शिकवावं लागत नाही. आमच्या गिअरचा दात त्यांना बारीक वाटतो एवढंच.

तो २००८ चा गिअर असाच केला. आसावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर वर्षं गेली की आकसतो आणि दोन दातांच्या मध्ये उभा तडकतो, मग दर फेऱ्याला टक, टक. दात मोजले, १४. कॅलिपर लावला तर बाहेरचा व्यास ६.५५. दातांत दोन मिळवायचे म्हणजे १६, त्यानं भागलं तर मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप, येतो ०.४१, असा दात कापायचा कटर कुणाकडंच नसतो. दोन दिवस डोकं चाललं नाही. मग लक्षात आलं की गिअर तडकलाय म्हणजे फाकलाय, माप मोठंच येणार. सुतळीनं आवळून फट मिटवली आणि परत मोजलं, ६.४. मॉड्यूल ०.४ बरोब्बर. जुन्या ब्रिटिश इंजिनात हेच गिअर इंचाच्या हिशोबात ६४ डीपीचे (व्यासाच्या दर इंचाला ६४ दात) असतात, मॉड्यूलमध्ये ते ०.३९७ पडतं, कटर एकच चालतो पण आस जाडीला वेगळा निघतो, ते आधी बघायचं.

ॲसिटल या कडक प्लास्टिकच्या कांडीतून बारा काढले, भोक जरा सैल ठेवलं आणि लॉकटाइट या चिकटवायच्या द्रवानं बसवले, दाबून नाही, म्हणजे परत तडकायला नकोत. दोन माझ्या इंजिनात, चार कुर्डुवाडीच्या एका दोस्ताला दिले, तो बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं मॉडेल करतोय. ७६२ मिलिमीटरचा गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर पडतो, म्हणून त्यानं एन गेजची ९ मिलिमीटरची चेसी खाली घेतलीय, तीही बंद झालेली. तिचा गिअर ०.३ चा निघाला, माझे बसले नाहीत. सध्या त्या कटरचा शोध चालू आहे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसांकडं विचारलंय.