कंडोम फाटल्यावर लॅबच्या आधी घड्याळ पाहा

कंडोम फाटला की बहुतेकांना आधी लॅब आठवते. रात्रभर डोळा लागत नाही. सकाळी तोंडाला रुमाल गुंडाळून (सोलापुरात उन्हाचं निमित्त जवळजवळ बारा महिने चालतं) ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा भागातली लॅब गाठायची, ‘सगळ्या टेस्ट करा’ म्हणायचं आणि संध्याकाळी ‘निगेटिव्ह’ वाचून निवांत झोपायचं. रिपोर्ट खोटा नसतो. पण तो काल रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. त्यात दिसते ती काही आठवड्यांपूर्वीपर्यंतची स्थिती.

एचआयव्हीची नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. विरजण लावल्या लावल्या भांड्यात चमचा घातला तर दूधच हाती येणार, तसंच हे. शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांसोबत पी-२४ हे विषाणूचं प्रथिनही पकडते, म्हणून तिच्यात लागण दिसायला संबंधानंतर साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. बोटाला टोचून होणाऱ्या झटपट प्रतिपिंड चाचणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात.

मग पहिल्या दिवशी काय करायचं? औषधाचं विचारायचं. एचआयव्हीच्या बाबतीत निर्णायक वेळ ७२ तासांची आहे आणि ती लॅबच्या रांगेत घालवण्यासारखी नाही. विषाणू शरीरात शिरला तरी लगेच रक्तभर पसरत नाही. योनी, गुदद्वार किंवा लिंगाच्या नाजूक त्वचेखालच्या पेशींत तो आधी बस्तान बसवतो, तिथून जवळच्या लसिका ग्रंथींत जातो आणि मग रक्तात. यात दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात त्याची वाढ थांबवली तर संसर्ग कायमचा होण्याआधीच मोडता येतो. या उपचाराला ‘पेप’ म्हणतात. सध्या त्यासाठी बहुधा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत देतात, रोज एक, २८ दिवस. पहिली दोन विषाणूला स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. तिसरं औषध तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. एकदा तो घुसला की त्याला उपटून काढणारं औषध आजही नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे, तोपर्यंत थांबायची मुभा नाही. दुसऱ्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

प्रत्येकाला पेप लागतंच असं नाही. जोडीदार एचआयव्हीबाधित असेल, उपचार घेत नसेल आणि कंडोम नसेल, तर योनीसंबंधात एका वेळी स्त्रीला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण ८, पुरुषाला ४ असा अंदाज आहे. गुदसंबंधात आत घेणाऱ्या व्यक्तीसाठी हाच आकडा १३८ च्या आसपास जातो. जोडीदार नियमित औषधं घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे सगळं तोलून डॉक्टर ठरवतात. त्यासाठी त्यांना खरं सांगावं लागतं, ‘मित्राचं विचारायला आलोय’ यावर भागत नाही. जोडीदार तयार असेल तर त्याचीही त्याच दिवशी तपासणी करावी. आपल्या रिपोर्टपेक्षा त्याच्या रिपोर्टमधून त्या दिवशी जास्त कळतं.

तुमचं रक्तही पहिल्या दिवशी घेतातच. पेप सुरू करण्याआधी तुम्हाला आधीपासून एचआयव्ही नाही ना, हे पाहावं लागतं. पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी.

गर्भधारणेचं घड्याळ वेगळं चालतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ती ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी त्याहून खात्रीची. पण ही गोळी एकाही गुप्तरोगापासून वाचवत नाही, हे अनेक जोडप्यांच्या लक्षातच येत नाही.

बाकीच्या बहुतेक रोगांना एवढी घाई नाही, पण विसरूनही चालत नाही. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया यांची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी करावी. पुरुषांची लघवीची पहिली धार घेतात, स्त्रियांच्या योनीतला स्वॅब, आणि त्यात जंतूंचे जनुकीय अंश शोधतात. लघवीच्या साध्या तपासणीवर विसंबू नका. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही त्रास होत नाही, आणि तो गर्भनलिकांपर्यंत पोचला तर पुढे मूल राहायला अडचण येते. राष्ट्रीय कार्यक्रमात लक्षणं पाहून औषधांची रंगीत पाकिटं देण्याची पद्धत आहे. लिंगातून पू येत असेल तर राखाडी पाकीट, त्यात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन. पद्धत उपयोगी आहे, पण ज्याला लक्षणंच नाहीत तो तिच्यातून निसटतो.

गरमी, म्हणजे सिफिलिस, त्याहून चिवट. बिनदुखता फोड साधारण तीन आठवड्यांनी येतो, कधी ९० दिवसांनी, आणि आपोआप बरा होतो. माणूस सुटलो म्हणतो, रोग मात्र आत राहतो. व्हीडीआरएल चाचणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करावी. ती पॉझिटिव्ह आली की घाबरण्याआधी टीपीएचए या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करून घ्यावी, कारण गरोदरपणात किंवा इतर काही आजारांतही व्हीडीआरएल फसवते. हेपेटायटिस बी साठी मात्र लस आहे. पूर्वी घेतली नसेल तर पहिला डोस शक्यतो २४ तासांत, उरलेले एक आणि सहा महिन्यांनी.

जायचं कुठे? सोलापुरात आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. तिथल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. त्वचा व गुप्तरोग विभाग वेगळा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जायच्या आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

‘फुकटात रिपोर्ट कळेल’ म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन झोपणारेही असतात. हे करू नका. सुरुवातीच्या दिवसांतलं रक्त पेढीच्या चाचणीतूनही निसटू शकतं आणि थेट एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. तीन महिन्यांचा रिपोर्ट येईपर्यंत रक्तदान नाही आणि कंडोमशिवाय संबंध नाही, घरातही नाही. अवघड आहे ते या ‘घरातही’ शब्दापाशी, हे मान्य.

जंतुनाशकाने आत धुण्याचा उद्योगही टाळावा. त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि जंतूंना वाट मोकळी होते. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. तसंच मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या गिळू नयेत. रोग अर्धवट दबतो आणि तपासणी गोंधळते.

आणि कंडोम फाटला कशाने, हेही पाहायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा उन्हात गाडीच्या डिकीत किंवा पँटच्या मागच्या खिशात आठवडे पडलेलं लॅटेक्स ठिसूळ होतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल लावलं तर ते काही मिनिटांतच कमजोर पडतं. वंगण हवं असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्यावं. एकावर एक दोन कंडोम चढवले तर घर्षणाने दोन्ही फाटायची शक्यता वाढते.