पार्श्वभूमी : १९९१चं सोनं नेमकं कुणी गहाण टाकलं?

इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं रिझर्व्ह बँकेने मायदेशी आणल्याची बातमी मे २०२४मध्ये आली आणि जुना वाद पुन्हा उकरला गेला. देशाचं सोनं गहाण टाकलं ते चंद्रशेखरांनी की नरसिंह रावांनी? सोनं दोनदा बाहेर गेलं आणि दोन्ही वेळी पंतप्रधान वेगळे होते, एवढं लक्षात घेतलं तरी निम्मा वाद मिटतो.

दुखणं जुनंच होतं. ऐंशीच्या दशकात सरकारने मिळकतीपेक्षा खर्च जास्त केला आणि परदेशी कर्जांवर भागवलं. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढंच परकीय चलन उरलं. आयातदारांना मालाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आधी बँकेत भरायला लावण्यापर्यंत पाळी आली.

अशा वेळी दिल्लीत चंद्रशेखरांचं सरकार होतं ते साठेक खासदारांचं, काँग्रेसच्या टेकूवर उभं. अर्थमंत्री यशवंत सिन्हांना पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. मार्च १९९१मध्ये चंद्रशेखरांनी राजीनामा दिला आणि ते काळजीवाहू झाले. निवडणुकीच्या धामधुमीत, मे महिन्यात, स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं आणि सुमारे २० कोटी डॉलर हाती आले. कागदोपत्री हे गहाण नव्हतंच, ती परत विकत घेण्याची मुभा ठेवून केलेली विक्री होती. आणि हे सोनं कुठलं? चोरट्या आयातीतलं, सरकारने जप्त केलेलं!

२१ जूनला नरसिंह रावांनी शपथ घेतली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातलं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. हे मात्र खरंखुरं गहाण. फोर्टातल्या तिजोरीतून सोनं निघालं, सहार विमानतळाकडे. वाटेत एक गाडी बंद पडली आणि बंदोबस्तावरच्या लोकांची तारांबळ उडाली, ही आठवण आजही सांगितली जाते. घरातला दागिना गहाण पडला की तो विषय चारचौघांत काढत नाहीत. सरकारनेही तोंडातून ब्र काढला नव्हता. पण बातमी वर्तमानपत्रात फुटलीच.

त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं, १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत. दुसरा टप्पा थांबवावा असं रावांच्या मनात आलं होतं. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला, तोवर नवे दर जाहीर होऊन गेले होते. डॉलर २१ रुपयांवरून २५-२६ रुपयांवर गेला.

२४ जुलैचा, आर्थिक सुधारणांचा अर्थसंकल्प सगळ्यांच्या लक्षात आहे. श्रेय राव-मनमोहन जोडीला मिळालं आणि ते रास्तच आहे. पण त्या तारखेपर्यंत देशाने एकही हप्ता चुकवला नाही, याचं थोडं श्रेय मे महिन्यात सही करणाऱ्या काळजीवाहूंच्याही खात्यावर जमा व्हायला हवं. उलट झालं असं, की सोनं विकल्याचा बट्टा त्यांच्याच नावाला चिकटला. बहुमत नसलेल्या, जनादेश संपलेल्या माणसाने असा निर्णय पुढच्यावर ढकलला असता, तर त्याला कोण बोलणार होतं?

तारणावरचं कर्ज त्याच वर्षी फिटलं; सोनं मात्र सोयीसाठी लंडनच्या तिजोरीतच राहिलं. पुढे २००९मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून आणखी २०० टन सोनं विकत घेतलं आणि त्याचे ६७० कोटी डॉलर मोजले.