रशियन सैन्यातील फरच्या टोप्या

रशियन सैन्यातील फरच्या टोप्या : झारशाही, सोव्हिएट संघ आणि आजचा रशिया या तिन्ही काळांतील सैनिकी हिवाळी शिरोवेष्टने. पपाखा, कुबांका आणि उशांका हे त्यांचे मुख्य प्रकार. बुद्योनोव्का कापडी असली तरी तिच्यावाचून ही हकिकत पुरी होत नाही. रशियन टोपी म्हटली की लोकांना कान झाकणारी उशांका आठवते. पण सबंध सैन्याची टोपी म्हणून तीच सर्वांत उशिरा आली आणि तीही एका नामुष्कीनंतर.

पपाखा मूळची कॉकेशसमधल्या डोंगराळ लोकांची. मेंढीच्या लोकरीसकट कमावलेल्या कातड्याची ही उंच, बिनकाठाची टोपी. एकोणिसाव्या शतकात रशियाने कॉकेशस जिंकण्यासाठी कित्येक दशके लढाया केल्या. त्या सीमेवर, तेरेक आणि कुबान नद्यांच्या काठी वसलेल्या कोसॅकांनी (झारची लष्करी चाकरी करणाऱ्या लढवय्या घोडेस्वारांनी) आपल्या शत्रूचाच पोशाख उचलला: चेर्केस्का हा लांब अंगरखा, कमरेचा खंजीर आणि डोक्यावर पपाखा. शतकाच्या मध्यापर्यंत ती कॉकेशसमधल्या रशियन तुकड्यांत रुळली होती. 1881 मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरने सैन्याचा पोशाख ‘रशियन’ वळणाचा करायला घेतला, तेव्हा डगल्याची चकाकती बटणे जाऊन आकडे आले आणि केपी या फ्रेंच धाटणीच्या छज्जेदार टोपीच्या जागी कोकराच्या कातड्याची बुटकी गोल टोपी आली. बचत हाही त्यामागचा हेतू होता. पहिल्या महायुद्धात रशियन शिपाई ओळखला जाई तो करड्या पपाखेवरून. 1910 च्या नमुन्यात मागचा भाग खाली ओढून मान झाकता येत असे. पुष्कळ टोप्या खऱ्या कातड्याऐवजी नकली फरच्याच निघत.

कुबांका ही पपाखेची बुटकी, सपाट माथ्याची बहीण. घोड्यावर बसणाऱ्याला सोयीची. 1917 च्या बोल्शेविक क्रांतीनंतर कोसॅकांचा पोशाख संशयास्पद ठरला होता. 1936 मध्ये लाल सैन्यात, म्हणजे सोव्हिएट सैन्यात, कोसॅक घोडदळाला तो परत मिळाला, तेव्हा कुबांकेचा माथा कुबानवाल्यांसाठी लाल आणि तेरेकवाल्यांसाठी फिकट निळा ठरला.

झारशाहीची पपाखा आणि नंतरची उशांका यांच्या मधल्या काळात लाल सैन्याच्या डोक्यावर बुद्योनोव्का होती. 1919 मध्ये मंजूर झालेली ही टोकदार कापडी टोपी जुन्या रशियन योद्ध्यांच्या शिरस्त्राणावर बेतलेली असून पुढे घोडदळाचा सेनानी सिम्योन बुद्योन्नी याच्या नावाने ओळखली गेली. भित्तिपत्रकांवर ती फार शोभे. तिच्या बाजू खाली सोडून कान झाकता येत, पण कापड ते कापडच. 30 नोव्हेंबर 1939 रोजी फिनलंडशी युद्ध पेटले आणि पारा शून्याखाली 40 अंशांकडे गेला. हिमदंशाने सोव्हिएट सैनिक हजारोंनी निकामी झाले. समोरच्या फिनिश सैनिकांकडे मात्र फरच्या कानटोप्या होत्या. मार्च 1940 मध्ये तह झाला आणि त्याच उन्हाळ्यात लाल सैन्याने उशांका स्वीकारली.

तशी कानटोपी रशियाला नवी नव्हती. खेड्यांतले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्रेऊख आणि मालाखाई या कान-मान झाकणाऱ्या टोप्या घालत. क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात सायबेरियातल्या अ‍ॅडमिरल कोल्चाकच्या श्वेत, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्यातही अशीच टोपी होती. तिला कोल्चाकोव्का म्हणतात. शत्रूपक्षाच्या टोपीशी असलेल्या या साम्यामुळे लाल सैन्याने तिच्याकडे पाठ फिरवली, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, खेड्यातल्या म्हाताऱ्याला जे ठाऊक होते ते सैन्याच्या कचेरीला पटायला युद्ध व्हावे लागले.

उशांकेची रचना साधी. वर कापडी माथा, कपाळावर फरची उभी पट्टी, तिच्यावर तारा. कानावरच्या दोन पाळ्या वर दुमडून नाडीने माथ्यावर बांधायच्या. सैनिकाने त्या मनाला येईल तेव्हा सोडायच्या नाहीत. सोव्हिएट नियमांनुसार उणे 10 अंश किंवा त्याहून कडक थंडीतच पाळ्या खाली येत. यंत्रसामग्रीवर काम करताना त्या मागे डोक्याच्या पाठीशी बांधता येत, म्हणजे ऐकूही येई आणि नाडी कशात अडकतही नसे. अधिकाऱ्यांची टोपी दाट, मऊ मेंढीच्या फरची, तर शिपायांच्या वाट्याला पुढे नकली फर आली. असल्या विरळ उबेला रशियन लोक ‘माशाची फर’ म्हणून हसतात. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे गारठलेल्या जर्मनांनीही नंतर आपल्या सैन्यासाठी अशाच टोप्या काढल्या.

1940 मध्येच जनरलांना मात्र पपाखा परत मिळाली, 1943 मध्ये कर्नलांनाही, तीही कराकुलची. कराकुल म्हणजे मध्य आशियातल्या मेंढीच्या नवजात कोकराचे घट्ट कुरळ्या लोकरीचे कातडे. आपल्याकडे जिना टोपीमुळे ओळखीचे. म्हणजे कान झाकण्याची सोय शिपायाला आणि कान उघडे ठेवण्याचा मान जनरलला! कर्नल होणे याला सैनिकी बोलीत ‘पपाखा मिळणे’ असेच म्हणत. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनच्या काळात, 1994 मध्ये, ती बंद झाली. 2005 मध्ये पुन्हा आली. नौदलाने या मानाची वेगळी तोड काढली: अ‍ॅडमिरल आणि प्रथम श्रेणीचे कॅप्टन (कर्नलच्या बरोबरीचे नौदल अधिकारी) काळ्या कराकुलची, चामडी माथ्याची उशांका घालतात आणि तिला पुढे चामड्याचा छज्जाही असतो. खलाशी तिला ‘मूठ असलेली टोपी’ म्हणतात; छज्जा हीच ती मूठ.